फॉर लूपला एलएस लागत नाही

"फोल्डरमधल्या सगळ्या फाईलींवर कमांड चालवायची तर फॉर लूपला (एकेक नाव घेऊन तेच काम परत करणारी बॅशची रचना) एलएसचं (ls, फाईलींची यादी देणारी कमांड) आउटपुट द्यायचं", हे वर्षानुवर्षं एकमेकांना सांगितलं जातं आणि साध्या नावांवर ते चालतंही, म्हणून खरं वाटणं साहजिक आहे. परवा हिंजवडीच्या बसमधे शेजारच्या मुलीची स्क्रिप्ट अशीच अडकली होती, फाईलचं नाव 'सिंहगड पाऊस' आणि एरर काय तर 'सिंहगड' नावाची फाईलच नाही.

होतं काय, एलएस नुसता मजकूर देतं, बॅश (टर्मिनलमधल्या कमांड वाचून चालवणारा प्रोग्रॅम) तो स्पेस, टॅब आणि नवीन ओळ दिसेल तिथे तोडतं, मग एका नावाचे दोन तुकडे. त्याऐवजी नुसता * लिहा, बॅश नावं स्वतःच शोधतं आणि प्रत्येक नाव अख्खं ठेवतं. लूपच्या आत मात्र ते नाव धरणारं व्हेरिएबल डबल कोट्समधे हवंच, नाहीतर तिथे परत तुकडे पडतात.

स्वतः बघायचं तर रिकाम्या फोल्डरमधे टचने (touch, रिकामी फाईल बनवणारी कमांड), नाव कोट्समधे देऊन, हीच फाईल बनवा आणि दोन्ही लूपमधे फक्त इको (echo, नाव छापणारी कमांड) ठेवा. एलएसवाला दोन ओळी देईल, * वाला एकच. आणि हो, फोल्डर रिकामं असेल तर * तसाच * राहतो, म्हणून फाईल खरंच आहे का ते लूपमधे आधी तपासा.