वायुभरित प्रारण शोधक

भारित कण किंवा क्ष-किरण वायूतून जाताना सुटणारे इलेक्ट्रॉन गोळा करून प्रारणाची नोंद घेणारे उपकरण. आर्गॉनमध्ये इलेक्ट्रॉन-आयनांची एक जोडी तयार व्हायला सरासरी २६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट खर्ची पडतात. लोह-५५ या किरणोत्सारी उद्गमाच्या ५.९ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या क्ष-किरणातून त्यामुळे जेमतेम सव्वादोनशे इलेक्ट्रॉन मिळतात. बारीक तारेजवळच्या तीव्र विद्युत्‌क्षेत्रात त्यांचे हजारो पट गुणन होते तेव्हा कुठे मोजण्याजोगा स्पंद हाती येतो. स्पंद ऊर्जेच्या प्रमाणात राहिला तर ते प्रमाणी गणित्र. व्होल्टता आणखी वाढवून प्रत्येक स्पंद सारखाच येऊ लागला की गायगर-म्यूलर नळी. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ शार्पाक यांची बहुतारी कोठी, म्हणजे एकाच कोठीत अशा अनेक तारा, १९६८ची.

गुणन ठरते वायूच्या घनतेवर, आणि सीमाभागात हे फार जाणवते. घनता १ टक्का घटली की गुणन साधारण ५ ते ८ टक्के वाढते. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने तिथला हवेचा दाब कारवारपेक्षा ८ टक्क्यांच्या आसपास कमी असतो. वाहत्या वायूच्या गणित्रात आतला दाब बाहेरच्या हवेइतकाच राहतो. ते कारवारच्या किनाऱ्यावर जुळवून त्याच व्होल्टतेवर बेळगावात चालवले, तर गुणन दीडपट ते दुप्पट होते, कधी ठिणग्याही पडतात. बंद नळीला ही अडचण नाही.

म्हणून जागेवरच जुळवणी करावी. ९० टक्के आर्गॉन व १० टक्के मिथेन हे मिश्रण कोठीच्या किमान पाचपट आकारमानाइतके वाहू द्यावे, बाहेर पडणारा वायू खिडकीबाहेर सोडावा. मग लोह-५५ समोर ठेवून व्होल्टता थोडी थोडी चढवावी. स्पंदांच्या आलेखात ५.९ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या शिखराबरोबर २.९ हजारांजवळ आर्गॉनचे छोटे शिखर दिसते. दोन्हींच्या स्थानांचे गुणोत्तर बिघडले तर गुणन प्रमाणाबाहेर गेले आहे. पावसाळ्यात उद्गम नसतानाही स्पंद येऊ लागले, तर आधी उच्च व्होल्टतेच्या जोडणीवरचा ओलावा पाहावा. वीज बंद करून, साठलेला भार उतरू देऊन, ती अल्कोहोलने पुसून कोरडी करावी. प्लॅस्टिकच्या नळ्यांतून ऑक्सिजन व बाष्प झिरपतात. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पकडतो, शिखर खाली घसरते. तांब्याची नळी बरी.

दुर्मिळ घटनांसाठी याच तंत्राचा कस लागतो. कर्नाटकातल्याच कोलार सोन्याच्या खाणीत, २.३ किलोमीटर खोल, १९८०च्या दशकात लोखंडी पत्रे आणि प्रमाणी गणित्रांचे ३४ थर रचून प्रोटॉनच्या क्षयाचा शोध घेतला गेला. आता दुहेरी बीटा क्षय या अतिदुर्मिळ किरणोत्सारी क्षयाच्या शोधासाठी दाबाखालचा झेनॉन-१३६ वायू स्वतःच उद्गम आणि शोधक म्हणून वापरतात. तो सतत शुद्ध करावा लागतो, आणि शुद्धीकरणाचे साहित्यच रेडॉन हा किरणोत्सारी वायू सोडत असेल तर ते आधी मोजून बदलावे लागते.