‘नुसती वाफच तर आहे’: मुलांमधील व्हेपिंगविषयीच्या गैरसमजांची पार्श्वभूमी

किशोरवयीन मुलांच्या व्हेपिंगविषयी, म्हणजे ई-सिगारेट ओढण्याविषयी, आज जे गैरसमज रूढ आहेत, त्यांतील बरेचसे मुळात प्रौढ धूम्रपान करणाऱ्यांना उद्देशून केलेल्या विधानांतून आलेले आहेत, आणि म्हणूनच ते खोडून काढणे अवघड जाते.

निकोटिन ही ‘फक्त सवय’ आहे, हा त्यांतील सर्वांत जुना समज. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तेथील सर्वोच्च आरोग्य अधिकाऱ्याच्या, १९६४ च्या अहवालाने सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध ठामपणे मांडला, पण तंबाखूच्या ओढीला व्यसन न म्हणता सवयीतच गणले. ही चूक दुरुस्त व्हायला १९८८ साल उजाडले. त्या वर्षी तेव्हाचे सर्जन जनरल एव्हरेट कूप यांच्या अहवालाने निकोटिनच्या व्यसनाची प्रक्रिया हेरॉइन आणि कोकेनच्या व्यसनासारखीच असल्याचे स्पष्ट केले. तरीही एप्रिल १९९४ मध्ये सात तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या समितीपुढे शपथेवर सांगितले की, आपल्या मते निकोटिनचे व्यसन लागत नाही. ‘मी रोज कुठे ओढतो’ असे म्हणणाऱ्या मुलांच्या बाबतीत हा समज विशेष घातक ठरतो. मॅसॅच्युसेट्समधील सातवीच्या विद्यार्थ्यांच्या, २००० साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे दिसले की, रोज सिगारेट ओढण्याची वेळ येण्यापूर्वीच अनेक मुलांत व्यसनाची लक्षणे दिसू लागली होती.

दुसरा समज सुरक्षिततेचा आहे. चीनमधील औषधतज्ज्ञ होन लिक यांनी २००३ च्या सुमारास आजची ई-सिगारेट घडवली, ती सिगारेटच्या आहारी गेलेल्या प्रौढांसाठी. तंबाखू जळत नसल्याने तीत डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ नसतात, हे खरेच आहे. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने २०१५ मध्ये ती सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचा अंदाज दिला. मात्र ही तुलना सिगारेटशी होती, स्वच्छ हवेशी नव्हे. ज्याने कधी विडीसुद्धा ओढली नाही, अशा चौदा वर्षांच्या मुलाला या तुलनेचा काहीच उपयोग नाही. शिवाय फुफ्फुसांत जाते ती पाण्याची वाफ नसून प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, स्वाद आणि निकोटिन यांचे सूक्ष्म कण असतात.

खरे वळण आले ते २०१५ मध्ये बाजारात आलेल्या ‘जूल’ या अमेरिकी ई-सिगारेटमुळे. जुन्या ई-सिगारेटींतील निकोटिन घशाला झोंबत असे आणि नवख्याला तेवढाच अडसर होता. जूलने निकोटिनला बेन्झोइक आम्लाची जोड देऊन ते सौम्य केले, त्यामुळे ५ टक्क्यांचे तीव्र द्रावणही सहज ओढता येऊ लागले. कंपनीच्याच हिशोबाने एका पॉडमधील (द्रावणाच्या कुपीतील) निकोटिन जवळपास एका पाकिटातील सिगारेटींएवढे होते. पेनड्राइव्हसारख्या आकारामुळे आणि आंबा, पुदिना अशा स्वादांमुळे पालक-शिक्षकांना बराच काळ संशयही आला नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात तर जूल वापरणाऱ्या १५ ते २४ वयोगटातील ६३ टक्के तरुणांना त्यात नेहमीच निकोटिन असते, हे ठाऊकच नव्हते. मुलांना सारे कळत असते आणि तरी ती ऐकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा. अमेरिकेतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत मागील ३० दिवसांत ई-सिगारेट ओढलेल्यांचे प्रमाण २०१७ मध्ये ११.७ टक्के होते. २०१९ मध्ये ते २७.५ टक्क्यांवर गेले.

२०१९ मध्येच अमेरिकेत व्हेप ओढणाऱ्यांत फुफ्फुसांच्या गंभीर आजाराची साथ आली आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत ६८ मृत्यूंची नोंद झाली. तिचा मुख्य संबंध व्हेपमधून ओढल्या जाणाऱ्या गांजाच्या अर्कात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेट या तेलकट द्रव्याशी आढळला. त्यावरून निकोटिनचे व्हेप निर्धोक ठरतात, असा अर्थ काढणे चूक आहे, कारण व्यसनाचा प्रश्न त्या साथीपासून पूर्णपणे वेगळा आहे.

भारताने सप्टेंबर २०१९ मध्ये अध्यादेश आणि डिसेंबरमध्ये कायदा करून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी घातली. ‘बंदी आहे, म्हणजे आपल्या मुलांचा प्रश्न मिटला’ हा समज त्यातूनच आला आहे. पण महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी असूनही तो चोरून विकला जातोच, आणि छोटे व्हेप तर दप्तरात लपवायला त्याहून सोपे आहे.