बुद्धिबळानं वेड लागतं, ही समजूत आली कुठून?

ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या वाड्यात संध्याकाळी ओट्यावर पट मांडला जायचा. कापडी पट, लाकडी मोहरे आणि हरवलेल्या काळ्या उंटाच्या जागी एक सुपारी. दिवेलागण झाली की आजी आतून ओरडायची, "उठा आता, डोकं फिरेल!" पुढे धाकट्या काकाचं खरंच बिनसलं. झोप उडाली, जेवण तुटलं, माणसं नकोशी झाली. घरानं खापर बुद्धिबळावर फोडलं आणि पट माळ्यावर टाकला. काका डॉक्टरकडे पोचला तो त्यानंतर चार वर्षांनी. ती चार वर्षं माझ्या मनातून जात नाहीत. म्हणून या समजुतीचं मूळ शोधायला हवं असं वाटलं.

त्याची एक मोठी मुळी अमेरिकेत सापडते. न्यू ऑर्लिन्सचा पॉल मॉर्फी 1858 साली युरोपात गेला आणि अँडरसनसारख्या दिग्गजाला हरवून 1859 मध्ये परतला. देशभर बुद्धिबळाची लाट उठली. त्याच वर्षी जुलैमध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'नं या खेळावर कडक टीका केली: मनाचा मोलाचा वेळ खाणारी ही हलकी करमणूक आहे, असा तिचा सूर होता. आज मोबाइलबद्दल आपण जे बोलतो, ते तेव्हा लोक पटाबद्दल बोलत होते.

मॉर्फीनं लवकरच स्पर्धात्मक खेळ सोडला. वकिली चालली नाही, आणि पुढे आपल्याविरुद्ध कट शिजतोय अशा संशयानं त्याला घेरलं. 1884 मध्ये, वयाच्या 47व्या वर्षी तो गेला. इथे क्रम नीट पाहावा. आजार बळावला तेव्हा तो खेळत नव्हता, खेळ सोडून बरीच वर्षं लोटली होती. तरी 'बुद्धिबळानं वेडा झालेला' म्हणून पहिलं नाव त्याचंच घेतलं जातं. 1931 मध्ये मनोविश्लेषक अर्नेस्ट जोन्स यांनी त्याच्यावर निबंध लिहिला. राजाला मात देणं म्हणजे बापाचा वध करण्याची सुप्त इच्छा, अशी त्यांची मांडणी. ती वाचायला रंजक आहे, पण न भेटलेल्या माणसाचं मन त्याच्या मृत्यूनंतर जवळपास अर्ध्या शतकानं उकलायचं, हे मला पटत नाही.

दुसरं नाव विल्हेल्म स्टाइनिट्झचं. 1886 साली तो पहिला अधिकृत जगज्जेता झाला आणि 1894 मध्ये लास्करकडून हरला. मॉस्कोतला परतीचा सामनाही गमावल्यावर 1897 मध्ये त्याला तिथल्याच मनोरुग्णालयात ठेवलं गेलं, आणि 1900 मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी मनोरुग्णालयात त्याचा अंत झाला. तो देवाशी खेळायचा आणि त्याला एक प्यादं आगाऊ द्यायचा, ही गोष्ट तेव्हापासून चघळली जाते. उतारवयातली त्याची गरिबी मात्र कुणी सांगत नाही.

पोलंडच्या अकिबा रुबिनस्टाइनच्या कहाणीनं मला सर्वांत जास्त हलवलं. 1912 या एका वर्षात त्यानं पाच मोठ्या स्पर्धा जिंकल्या. जगज्जेत्या लास्करशी सामना ठरत होता, तेवढ्यात पहिलं महायुद्ध आलं. माणसांची भीती त्याच्या मनात वाढत गेली. तरी 1930 च्या हॅम्बुर्ग बुद्धिबळ ऑलिंपियाडमध्ये पोलंडच्या संघाकडून पहिल्या पटावर 17 डावांत 13 विजय आणि 4 बरोबऱ्या, एकही हार नाही! 1932 नंतर तो स्पर्धांत उतरलाच नाही. 1961 पर्यंत जगला. आजारी मनाला पटावरच तेवढी उभं राहायला जागा मिळत होती, असं मला त्याच्याबद्दल वाटतं. माझ्या काकाकडून आम्ही तीच जागा काढून घेतली.

दारूचा धागा वेगळा आहे. 1935 मध्ये अलेखाइननं जगज्जेतेपद मॅक्स यूवेकडे गमावलं, गुण साडेचौदा विरुद्ध साडेपंधरा. त्या सामन्यात तो पिऊन खेळायला बसल्याच्या हकिकती प्रसिद्ध आहेत. 1937 मध्ये त्यानं तेच पद साडेपंधरा विरुद्ध साडेनऊ असं परत मिळवलं, आणि त्यासाठी दारू दूर ठेवली होती असं सांगतात. सगळं खापर बाटलीवर फोडणं यूवेवर अन्याय होईल, कारण तो उत्तम खेळला होता. मेंदू तल्लख करणाऱ्या गोळ्यांचंही तपासून झालं आहे. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मन प्रयोगात 39 खेळाडूंना मोडाफिनिल, मिथाइलफेनिडेट आणि कॅफीन देऊन खेळवलं, तर ते प्रत्येक चालीला जास्त वेळ घेऊ लागले आणि वेळ संपल्यामुळे जास्त डाव हरले.

खरा बदल झाला तो खेळाच्या वेळेत. ओट्यावरचा डाव आपोआप संपायचा. समोरचा घरी जायचा, दिवे जायचे, आजी ओरडायची. मोबाइलवर तीन मिनिटांचा डाव संपला की पुढचा प्रतिस्पर्धी काही सेकंदांत हजर, आणि तोही आपल्याच रेटिंगचा, म्हणजे आपल्याच ताकदीचा. त्यामुळे साधारण निम्मे डाव जिंकायचे, निम्मे हरायचे, पण कुठला कोणता ते आधी कळत नाही. हरलेले गुण परत मिळवायला 'एक शेवटचा' म्हणत पहाटेचे तीन वाजतात. पोरं याला 'टिल्ट' म्हणतात. माझा भाचा परीक्षेच्या आदल्या रात्री असाच जागला. सकाळी त्याचे लाल डोळे पाहिले आणि आजीची हाक आठवली.

आपण चहाचं, वाचनाचं, बुद्धिबळाचं 'व्यसन' एकाच दमात म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या याहून काटेकोर आहे. 2022 पासून लागू असलेल्या आजारांच्या यादीत डिजिटल खेळांच्या विकारासाठी तीन खुणा दिल्या आहेत: खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळ वरचढ होणं, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणं. तेही साधारण वर्षभर. नुसते तास मोजून निदान होत नाही.

अलीकडे एक मोठी गोष्ट घडली. 2023 चा जगज्जेता डिंग लिरेन आपल्या नैराश्याबद्दल उघड बोलला, महिनोन्‌महिने खेळापासून दूर राहिला आणि परत आला. डिसेंबर 2024 मध्ये सिंगापूरला त्याला हरवणाऱ्या 18 वर्षांच्या गुकेशनं मनाच्या तयारीसाठी मानसिक प्रशिक्षक पॅडी अप्टन यांना सोबत घेतलं होतं.

आमच्याकडे मात्र आग्र्याच्या मनोरुग्णालयावरून 'आग्र्याला पाठवा' ही अजून शिवीच आहे. ग्वाल्हेरात स्वतःची मानसिक आरोग्यशाळा आहे. रांची आणि आग्र्यासह तिच्यावर देखरेख ठेवण्याचं काम 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवलं होतं. आता टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत नंबर दिवसरात्र चालतो. भाच्याच्या आईला तो मी लिहून दिला आणि मोबाइल हिसकावू नकोस, आधी झोपेचं विचार, एवढं सांगितलं. माळ्यावरचा पट मी परवा खाली काढला. काका आता सत्तरीला आला आहे. काळ्या उंटाच्या जागी त्यानं पुन्हा सुपारीच ठेवली.