आस आणि असूया दर्शविणारे इंग्रजी शब्द

जवळ नसलेल्या गोष्टीची ओढ आणि दुसऱ्याजवळ असलेल्या गोष्टीची हाव या भावनांसाठी इंग्रजीत रूढ असलेला शब्दसमूह. लाँग, यर्न, क्रेव्ह, हँकर, वाँट व डिझायर हे मुख्यतः ओढीचे. तर कव्हेट, एन्व्ही, जेलसी व बिग्रज हे दुसऱ्याच्या वाट्याकडे पाहणारे शब्द होत. पहिल्या गटात जर्मानिक कुळातील (इंग्रजी, जर्मन, डच आदी भाषांच्या कुळातील) शब्द अधिक आणि दुसऱ्यात फ्रेंचमार्गे आलेले अधिक, अशी विभागणी केली जाते. ती ढोबळच समजावी, कारण डिझायर हा पहिल्या गटातील शब्द मुळात लॅटिन आहे.

लाँग या क्रियापदाचे प्राचीन इंग्रजी रूप ‘लाँगियन’. त्याचा संबंध ‘लांब’ या अर्थाच्या विशेषणाशी जोडतात. काळ लांबत गेल्यासारखा वाटणे, त्यातून तळमळणे असा अर्थविस्तार झाला असावा. जुन्या भाषेत हे क्रियापद बहुधा अकर्तृक असे. ओढ माणूस करीत नसे, ती त्याला लागत असे. मराठी वाचकाला ही रचना परकी वाटणार नाही. दहाव्या शतकातील एक्सेटर हस्तलिखितात (प्राचीन इंग्रजी काव्यांच्या संग्रहात) जतन झालेल्या एका काव्यात सागरावर निघणाऱ्याला ही ओढ सदैव असते, असे म्हटले आहे. यर्न हा जर्मन ‘गेर्न’ (आवडीने) याचा सगोत्र; संस्कृत ‘हर्यति’ हे क्रियापदही बहुधा त्याच धातूचे.

वाँट हा शब्द प्राचीन नॉर्समधून (स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेतून) १२०० च्या सुमारास आला. त्याचा मूळ अर्थ ‘कमी असणे’. ‘हवे असणे’ हा आजचा अर्थ अठराव्या शतकाच्या आरंभी दिसू लागतो. त्याचे मूळ संस्कृत ‘ऊन’ या शब्दाच्या मुळाशी जोडले जाते. तसे असेल तर एकोणीस, एकोणतीस या संख्यावाचकांतील ‘ऊन’ त्याचा दूरचा नातेवाईक ठरतो. क्रेव्ह म्हणजे आरंभी हक्काने मागणे. ही मागणी पुढे विनवणी झाली आणि शेवटी शरीराची अनावर वासना.

डिझायरच्या मुळाविषयी एकमत नाही. लॅटिन ‘डेसिडेरारे’ हे क्रियापद ‘सिडुस’ (तारा) या नामापासून आले, असे परंपरेने सांगतात. ताऱ्यांकडून काही मिळण्याची वाट पाहणे, किंवा दिसेनाशा झालेल्या ताऱ्याची उणीव भासणे, असा अर्थ लावला जातो. ‘कन्सिडर’ या शब्दाचे मूळही त्याच नामात शोधतात. मात्र उपलब्ध लॅटिन वाङ्मयात डेसिडेरारेच्या वापरात ताऱ्यांचा मागमूस नाही. तेथे उणीव भासणे हाच अर्थ आढळतो, आणि ‘डेसिडेरियम’ हे नाम मृताच्या आठवणीने होणाऱ्या तळमळीसाठीही येते. यावरून ‘सिडुस’चा जुना अर्थ ‘खूण, लक्ष्य’ असावा व डेसिडेरारे म्हणजे लक्ष्य हुकणे, असे काहींनी सुचविले आहे. ताऱ्यांचा अर्थ अधिक रम्य असला, तरी शब्दाच्या प्रत्यक्ष वापराशी हे दुसरे मत अधिक जुळते. हँकर सुमारे १६०० पासून आढळतो. तो फ्लेमिश (बेल्जियममधील डच) बोलीतून आला असावा. ‘हँग’ (लटकणे) याच्याशी त्याचे नाते केवळ संभाव्य आहे.

एन्व्हीचे मूळ लॅटिन ‘इन्विडिया’. त्यात ‘पाहणे’ हा धातू असून वाकड्या नजरेने पाहणे हा मूळ आशय. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी याने प्रमुख पापांच्या यादीत इन्विडियाला स्थान दिले. इंग्रजीत हा शब्द रुजण्यात धर्मोपदेशाचा वाटा मोठा असावा. त्यापूर्वी ‘ॲफेस्त’ हा देशी शब्द होता, तो लोपला. जेलसी ग्रीक ‘झेलोस’पासून आली. ‘झीलस’ (उत्साही) हा तिचा सख्खा भाऊ. ॲरिस्टॉटलने झेलोसला मत्सरापासून वेगळे काढून सज्जनाला शोभणारी ईर्ष्या मानले होते.

कव्हेट हे लॅटिन ‘कुपेरे’ (इच्छिणे) या धातूशी निगडित असून, शेजाऱ्याच्या वस्तूंचा लोभ धरू नये असे सांगणाऱ्या बायबलमधील दशाज्ञांमुळे (निर्गम २०:१७) दूषणवाचक झाले. तरीही १६११ च्या बायबल भाषांतरात करिंथकरांस पहिल्या पत्रात (१२:३१) उत्तम कृपादानांचा ‘कव्हेट’ करा, असा उपदेश आहे आणि तेथील ग्रीक क्रियापद झेलोसच्याच कुळातील आहे.

दुसऱ्याचे हवेसे वाटणे ती एन्व्ही, आपले दुसरा नेईल ही धास्ती ती जेलसी, असा भेद शब्दप्रयोगविषयक ग्रंथ करतात. बोलीत तो पाळला जात नाही. जेलस हा शब्द दोन्हींकडे चालतो. पॅरट व स्मिथ या मानसशास्त्रज्ञांच्या १९९३ च्या अभ्यासात मात्र दोन अनुभव वेगळे आढळले: एन्व्हीत न्यूनभाव व ओढ, जेलसीत अविश्वास व गमावण्याची भीती. हिरव्या डोळ्यांची प्रतिमा शेक्सपिअरने दोनदा वापरली, ती दोन्ही वेळा जेलसीसाठी. डच भाषेत सौम्य व द्वेषमूलक असूयेला निरनिराळे शब्द आहेत. इंग्रजीत दोन्ही एन्व्हीतच सामावतात.

याखेरीज ‘येन’ हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील चिनी स्थलांतरितांच्या कँटोनीज बोलीतून आला. प्रथम तो अफूच्या तलफेसाठी वापरीत. पुढे कोणत्याही तीव्र इच्छेला लावला जाऊ लागला. जपानी चलनाशी त्याचा संबंध नाही.