पिंक फर ॲपल

पिंक फर ॲपल : ब्रिटनमधील घरगुती बागांनी जपलेला सॅलड बटाट्याचा जुना वाण. साल फिकट गुलाबी, गर पिवळसर आणि आकार आल्याच्या कुडीसारखा, म्हणजे लांबट, वाकडा आणि जागोजाग गाठी फुटलेला. जर्मन भाषक प्रदेशांत हाच वाण रोझा टानेनत्साप्फेन या नावाने लावतात. शिजल्यावर त्याचा गर घट्ट राहतो, काप मोडत नाहीत आणि चवीला किंचित अक्रोडासारखी झाक असते. नव्या बटाट्याची ही चव तो हिवाळाभर टिकवतो. बहुतेक सॅलड बटाटे उन्हाळ्यात काढून लगेच खायचे असतात. हा मात्र उशिरा तयार होतो आणि साठवणीत चांगला टिकतो, म्हणून बागवाल्यांना त्याची किंमत.

हा वाण युरोप खंडातून १८५० च्या सुमारास ब्रिटनमध्ये आला, असे मानले जाते. बटाट्याची लागवड बियांपासून न करता कंदांपासून होत असल्याने आज एखाद्याच्या वाफ्यात उगवलेले झाड आनुवंशिकदृष्ट्या त्या जुन्याच झाडाचा तुकडा असते. याला एक काळी बाजूही आहे. मावा किडीबरोबर पसरणारे विषाणू कंदातून पुढच्या पिढीत जातात आणि दरवर्षी घरचेच बेणे लावत राहिले की पीक हळूहळू उतरत जाते. म्हणून बेणे विकत घेताना प्रमाणित घ्यावे. ब्रिटनमधील बेण्याचा मोठा भाग स्कॉटलंडमध्ये तयार होतो, कारण तिथल्या थंड, वाऱ्याच्या हवेत मावा कमी असतो.

मोठ्या शेतीने या वाणाला कधी जवळ केले नाही. गाठींमुळे यंत्राने काढताना आणि धुताना तो तुटतो, प्रतवारीत बसत नाही, सोलायला तर जवळजवळ अशक्य. दुकानात तो क्वचित आणि महाग मिळतो. परसबागेत यातली एकही अडचण आडवी येत नाही. ब्रिटनमध्ये पालिकेकडून किंवा ग्रामपरिषदेकडून भाजीपाल्यासाठी भाड्याने जमिनीचे तुकडे मिळतात, त्यांना अलॉटमेंट म्हणतात. पूर्ण तुकडा साधारण २५० चौ. मी. असतो. अशा तुकड्यांवर आणि घरामागच्या वाफ्यांत हा बटाटा तगला. बाजाराने नाकारलेला वाण चवीच्या जोरावर दीडशेहून अधिक वर्षे टिकला, हे श्रेय निर्विवादपणे घरगुती बागवाल्यांचे आहे.

बाजाराला चालेल असा त्याचा एक वारसही तयार झाला. स्कॉटलंडमधील डंडीजवळच्या पीक संशोधन संस्थेत डेझिरे हा लाल सालीचा डच वाण आणि पिंक फर ॲपल यांच्या संकरातून आन्या हा वाण निघाला. सेन्सबरी या दुकानसाखळीने तो विकायला घेतला आणि नाव लेडी सेन्सबरी (आन्या) यांच्यावरून पडले. आन्या तुलनेने गुळगुळीत आणि आटोपशीर आहे. चव जवळची आहे, पण जागा आणि पाच महिने हाताशी असतील त्याने मूळ वाणच लावावा.

लागवड : ब्रिटिश बागवाले बटाट्याचे लवकरचे, मध्यम आणि मुख्य हंगामाचे असे गट करतात. लवकरचे १० ते १२ आठवड्यांत निघतात. पिंक फर ॲपल मुख्य हंगामातल्याही उशिराच्या वाणांत मोडतो. त्याला २० आठवडे सहज लागतात. त्यामुळे एप्रिलच्या मध्यापासून मेच्या सुरुवातीपर्यंत लावलेला बटाटा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये घरात येतो.

लावण्यापूर्वी पाच-सहा आठवडे बेणे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, जास्त डोळे असलेली बाजू वर करून, थंड आणि उजेडाच्या जागी मांडून ठेवतात. उजेडात आलेले कोंब आखूड, जाड आणि गडद रंगाचे असतात. अंधारात आले तर पांढरे, लांब आणि लावताना हमखास मोडणारे. कोंब दोन-तीन सेंमी. झाले की लागवड करावी. दोन सऱ्यांत ७५ सेंमी., दोन कंदांत ३५ ते ४० सेंमी. आणि खोली १२ ते १५ सेंमी. ठेवावी. पाला उंच वाढून पसरतो, त्यामुळे हे अंतर कमी करण्याचा मोह टाळावा.

जमीन भुसभुशीत असेल आणि आदल्या हिवाळ्यात कुजलेले शेणखत घातलेले असेल तर उत्तम. चिकणमातीत हा बटाटा येतो, पण गाठींच्या बेचक्यांत माती घट्ट बसते आणि धुताना जीव मेटाकुटीला येतो. रोपे वीतभर वर आली की दोन्ही बाजूंनी मातीची भर द्यावी आणि पुढे एक-दोनदा पुन्हा द्यावी. भरीमुळे कंद उजेडापासून झाकले जातात. उघडे पडलेले कंद हिरवे होतात, त्यांत सोलॅनिन हे विषारी द्रव्य वाढते आणि ते खाण्याजोगे राहत नाहीत. मेमध्ये उशिराचे दव गोठण्याची भीती असते, तेव्हाही हीच माती कोवळ्या कोंबांना झाकायला उपयोगी पडते. कंद पोसत असताना पाणी नियमित हवे. मोठा ताण बसून मग एकदम भरपूर पाणी मिळाले तर कंद पुन्हा वाढू लागतो आणि आधीच गाठाळ असलेला हा बटाटा आणखी वेडावाकडा होतो. त्याच जागी पुन्हा बटाटा लावण्याआधी तीन-चार वर्षे जाऊ द्यावीत, नाहीतर जमिनीत सूत्रकृमी (मुळांना लागणारे सूक्ष्म कृमी) साठतात.

करपा : या वाणाचे खरे दुखणे म्हणजे उशिरा येणारा करपा. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचे पीक बुडवून सुमारे १० लाख लोकांचा बळी घेणाऱ्या दुष्काळामागे जो रोगकारक होता, तोच हा फायटोप्थोरा इन्फेस्टन्स. पिंक फर ॲपलमध्ये त्याला फारसा प्रतिकार नाही. शिवाय वाण उशिराचा, त्यामुळे जुलै-ऑगस्टच्या दमट दिवसांत, लवकरचे वाण काढून झालेले असतात तेव्हा हा ऐन भरात उभा असतो. ब्रिटनमध्ये इशाऱ्यासाठी हटन निकष वापरतात : सलग दोन दिवस किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त आणि दोन्ही दिवशी किमान सहा तास हवेतील आर्द्रता ९० टक्के किंवा त्याहून जास्त राहिली, की धोका वाढला असे समजतात.

पानांवर पाणी शोषल्यासारखे तपकिरी डाग आणि खालच्या बाजूला पांढुरकी बुरशी दिसली की वाट पाहू नये. सगळा पाला जमिनीलगत कापून वाफ्यातून दूर करावा आणि कंद दोन आठवडे मातीतच राहू द्यावेत. तेवढ्यात साल पक्की होते आणि मातीच्या पृष्ठभागावर पडलेले बीजाणू मरतात. लगेच खणले तर रोग कंदांना लागतो आणि साठवणीत सगळी पोती सडतात. पाला लवकर कापावा लागला तर कंद लहान राहतात, पण या वाणाचे लहान कंद चवीला कमी नसतात.

काढणी : कोरड्या दिवशी, रोपाच्या बुंध्यापासून चांगले दूर दातेरी फावडे खुपसून खालून उचलावे. कंद लांब असतात आणि आडवे पसरतात, त्यामुळे जवळ खुपसलेला दात हमखास एखाद्या बटाट्यातून आरपार जातो. शेवटी हाताने माती चाचपावी; तुटलेल्या गाठी मागे राहिल्या तर पुढल्या वर्षी तिथूनच नको असलेली रोपे उगवतात. दोन-तीन तास वाळवून, न धुता, तागाच्या किंवा जाड कागदाच्या पोत्यात, अंधाऱ्या आणि थंड पण दव न गोठणाऱ्या जागी ठेवले की बटाटे वसंतापर्यंत पुरतात. फ्रिजमध्ये ठेवू नयेत. फार थंडीत स्टार्चची साखर होते, बटाटा गोडसर लागतो आणि तळताना लवकर काळा पडतो.

स्वयंपाक : बटाट्यांचे पिठूळ आणि घट्ट गराचे असे दोन ढोबळ प्रकार आहेत. पिठूळ बटाट्यात स्टार्च जास्त असतो आणि शिजताना त्याच्या पेशी एकमेकींपासून सुटतात. घट्ट गराच्या बटाट्यात त्या धरून राहतात. पिंक फर ॲपल दुसऱ्या टोकाचा. त्याचा लगदा केला तर खळ होते. फ्रान्समधला रात्त हाही असाच घट्ट वाण आणि शेफ जोएल रोबुशाँ यांची गाजलेली प्युरे, म्हणजे बटाट्याचा मऊ लगदा, त्याचीच. पण त्यामागे चाळणीतून गाळण्याचे कष्ट आणि मुबलक लोणी असते.

हा बटाटा सोलायचा नाही. ब्रशने घासून धुवावा, सालीसकट, शक्यतो सारख्या जाडीचे निवडून, थंड मिठाच्या पाण्यात टाकून मंद उकळावा किंवा वाफवावा. पंधरा-वीस मिनिटांनी सुरी सहज आत जायला लागली की पाणी काढून झाकण न ठेवता वाफ जाऊ द्यावी. साल नकोच असेल तर आता, गरम असतानाच, चिमटीने ओढली की ती पातळ पदरासारखी निघते. सॅलड करायचे तर बटाटा कोमट असतानाच जाड चकत्या करून त्यांवर व्हिनेगर आणि मीठ घालावे, तेल नंतर. कोमट गर आंबटपणा आत ओढून घेतो; गार झालेल्या चकत्यांवर ओतलेले सगळे ताटलीत साचते. फ्रेंच पद्धतीत त्यात बारीक चिरलेला छोटा कांदा, मोहरीची चटणी आणि पार्सली असते. दक्षिण जर्मनीतल्या श्वाबेनमध्ये मेयोनीजऐवजी गरम रस्सा आणि व्हिनेगर घालतात. या बटाट्याला ती पद्धत सर्वांत शोभते. ब्रिटनमध्ये नुसते लोणी आणि पुदिना घालूनही तो जेवणात वाढतात.

मराठी स्वयंपाकात हा बटाटा कुठे बसतो हे ब्रिटनमधल्या मराठी घरांसाठी सांगण्याजोगे आहे. उपवासाच्या भाजीला तो फार चांगला : उकडून फोडी केल्या, तुपात जिरे आणि हिरवी मिरची परतून दाण्याचे कूट घातले तरी प्रत्येक फोड अख्खी राहते. काचऱ्याही मोडत नाहीत. बटाटेवड्याच्या सारणाला मात्र पिठूळ वाणच घ्यावा. महाराष्ट्रातल्या बागेत हे बेणे लावण्याचा हट्ट नको. युरोपातले वाण उन्हाळ्यातल्या लांब दिवसांसाठी निवडलेले असतात आणि आपल्याकडच्या हिवाळ्यातल्या लहान दिवसांत ते पाला पुरेसा वाढायच्या आत कंद धरू लागतात. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने कुफरी नावाने वाणांची मालिका काढली ती याच अडचणीवर उपाय म्हणून.