फ्रेंच-कॅनेडियन शेतकरी कुळांचा वंशशोध

कॅनडात सेंट लॉरेन्स नदीकाठी फ्रेंच राजवटीत (१६०८–१७६०) वसलेल्या शेतकऱ्यांपर्यंतची पिढ्यांची साखळी कागदपत्रांवरून जुळवण्याची पद्धत. या शेतकऱ्यांना तिथे ‘आबितां’ म्हणत. त्यांतल्या बहुतेकांना सहीही करता येत नसे, तरी त्यांचा माग आश्चर्य वाटावे इतका सलग लागतो. कारण पाद्री, नोटरी आणि जहागीरदार हे तिघेही त्यांच्याविषयी सतत काही ना काही लिहून ठेवत.

शोध अलीकडच्या पिढीपासून मागे नेतात. मुख्य आधार विवाहनोंदीचा. कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, वहीत वधूवरांसोबत सहसा दोन्हीकडच्या आईवडिलांची नावे असतात आणि स्त्रीचे नाव लग्नानंतरही माहेरच्या आडनावानेच येते. त्यामुळे आईकडचा वंशही बापाकडच्याइतकाच सहज उलगडतो. क्वेबेक शहरातल्या नोंदी १६२१ पासूनच्या आहेत; मात्र १६४० च्या आगीत मूळ वही जळाली आणि आधीच्या नोंदी आठवणीने पुन्हा लिहिल्या गेल्या. तेव्हा त्या काळच्या तारखा जपूनच वापराव्यात. पुढे वहीच्या दोन प्रती ठेवण्याचा नियम झाला. लाकडी चर्चे वरचेवर जळत, त्यामुळे वंशशोधकांवर या नियमाचे मोठे उपकार आहेत. ब्रिटिश अंमलातही ही पद्धत चालू राहिली.

शेतकऱ्याचा संसार मात्र नोटरीच्या दप्तरात सापडतो. नदीला काटकोनात आखलेल्या लांब, अरुंद पट्ट्यांचे दस्त तिथे आहेत. तिथे लागू असलेल्या पॅरिसच्या रिवाजी कायद्याने सामान्य कुटुंबातल्या सर्व मुलामुलींना वारसा मिळे, म्हणून नवरा किंवा बायको वारली की घरातल्या चीजवस्तूंची यादी होई : कढया, कुऱ्हाडी, गाई, धान्य, देणी. म्हातारे आईबाप जमीन एका मुलाच्या नावे करून देत आणि बदल्यात दरवर्षी किती गहू, किती सरपण द्यायचे ते दस्तातच घालून घेत. पोटच्या मुलाशीही असा लेखी व्यवहार करण्याइतका व्यवहारीपणा त्यांच्यात होता.

उदाहरणार्थ, झाकारी क्लूतिए हा फ्रान्समधल्या पर्श प्रांतातला सुतार १६३४ मध्ये रोबेर जिफार या जहागीरदाराशी करार करून आला. सहीऐवजी तो कुऱ्हाड काढी. त्याची मुलगी आन हिचा १६३६ चा विवाहकरार कॅनडात टिकून राहिलेला सर्वांत जुना मानतात. तेव्हा ती जेमतेम दहा वर्षांची होती, लग्न पुढच्या वर्षी लागले. १८०० पर्यंत क्लूतिएच्या वंशजांची संख्या दहा हजारांवर गेली होती.

खरी अडचण आडनावांची. ‘दि’ लावून जोडलेले दुसरे नाव, म्हणजे आपल्याकडचे ‘उर्फ’, अनेकदा लष्करातून किंवा गावावरून आलेले असे. एका भावाची मुले मूळ नाव लावत, दुसऱ्याची ‘दि’नंतरचे. एकोणिसाव्या शतकात लाखो लोक अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या कापडगिरण्यांत गेले. तिथे आडनावांचे इंग्रजीत भाषांतर होऊन बुआव्हेरचे ग्रीनवुड, रुआचे किंग झाले. अशा वेळी एकट्या आडनावापेक्षा नवराबायको दोघांच्या नावांच्या जोडीवरून शोध घेणे बरे.

सिप्रियें तांगे या पाद्र्याने १८७१ ते १८९० दरम्यान सात खंडांचा वंशकोश काढला. त्यात चुका आहेत, पण सुरुवात अजूनही अनेक जण त्यानेच करतात. माँट्रियल विद्यापीठाने १९६६ मध्ये लोकसंख्येच्या इतिहासाचा प्रकल्प हाती घेऊन लाखो नोंदी एकमेकींशी जोडल्या. त्यापलीकडे फ्रान्समधल्या गावाचे नाव हवे असेल, तर पहिल्या स्थलांतरिताची कॅनडातली विवाहनोंद पाहावी. त्याची मूळ पॅरिश बहुधा तिथेच लिहिलेली असते.