समाजालेख

वर्गातील किंवा अन्य लहान गटातील व्यक्तींची परस्परांविषयीची ओढ, दुरावा व उदासीनता बिंदू आणि बाणांनी दाखविणारी आकृती. तिला सोशिओग्राम असेही म्हणतात. गटातील परस्परसंबंध मोजणाऱ्या समाजमिती या अभ्यासपद्धतीचे हे प्रमुख साधन होय.

समाजालेखाचे जनकत्व सामान्यतः बुखारेस्टमध्ये जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ जे. एल. मोरेनो (१८८९–१९७४) यांना दिले जाते. १९३२ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्क राज्यातील हडसन येथील मुलींच्या निवासी सुधारशाळेतून दोन आठवड्यांत १४ मुली पळून गेल्या. त्यामागील मैत्रीसंबंधांची साखळी मोरेनो यांनी आकृतीत मांडली. एप्रिल १९३३ मध्ये असे आलेख त्यांनी न्यूयॉर्कमधील वैद्यकीय परिषदेत दाखविले. १९३४ च्या त्यांच्या ग्रंथात ते सविस्तर आले. या कल्पनेचा उगम मोरेनो स्वतः पहिल्या महायुद्धकाळातील ऑस्ट्रियातील मिटर्नडॉर्फ येथील निर्वासित छावणीपर्यंत मागे नेतात. गटरचनेचा विचार तेथे सुरू झाला असावा. पण आलेखाचा काळ १९३० नंतरचा मानणेच सयुक्तिक वाटते. हडसनच्या कामात सहकारी हेलन हॉल जेनिंग्ज यांचा वाटा किती, हाही वादाचा मुद्दा आहे. संशोधनाची शिस्त व आकडेमोड बऱ्याच अंशी त्यांची होती, हे सामाजिक जाळ्यांच्या अभ्यासाचा इतिहास लिहिणारे लिंटन फ्रीमन यांचे मत अधिक ग्राह्य दिसते. याहून जुने उदाहरण योहानेस डेलिच या जर्मन शिक्षकाचे. ५३ मुलांच्या एका वर्गातील १८८०-८१ मधील मैत्रीची त्यांनी केलेली पाहणी १९०० मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र पुढील परंपरा तिच्यातून निघालेली नाही.

‘बाकावर शेजारी कोण हवे?’ असा प्रश्न विचारून प्रत्येक मुलाकडून बहुधा तीन नावे गुप्तपणे लिहून घेतात. मोरेनो यांच्या आलेखांत मुलांसाठी त्रिकोण, मुलींसाठी वर्तुळ, आकर्षणासाठी तांबडी व दुराव्यासाठी काळी रेषा असे. अनेकांनी निवडलेला तो ‘तारा’. ज्याच्याकडे एकही बाण येत नाही आणि ज्याच्याकडून जात नाही तो ‘एकाकी’. याखेरीज जोडी, त्रिकोण (परस्परांना निवडणारे तिघे) व साखळी या रचना ओळखल्या जातात. १९४० मध्ये कॅनडातील मानसशास्त्रज्ञ मेरी नॉर्थवे यांनी एककेंद्री वर्तुळांचा लक्ष्यालेख सुचविला. त्यात अधिक निवडलेले मूल केंद्राजवळ येते. साध्या आलेखात बिंदूची जागा काढणाऱ्याच्या सोयीची असते; तिच्यावरून लोकप्रियता ठरवणे चूक होय.

ब्रुकलिनमधील एका शाळेच्या पाहणीत शिक्षकांनी बांधलेले अंदाज मुलांच्या निवडींशी अनेकदा जुळले नाहीत, आणि वरच्या इयत्तांत ही तफावत वाढली. या साधनाची खरी गरज येथेच दिसते: गप्प बसणारे मूल समाधानी आहे की एकटे, हे नुसत्या निरीक्षणाने कळत नाही.

मुलांनी दिलेल्या उत्तरांनुसार बैठक खरोखर बदलली पाहिजे, असा मोरेनो यांचा आग्रह होता. तो सोडून केलेली चाचणी केवळ माहितीसंकलन ठरते. १९४८ मध्ये जेनिंग्ज यांनी शिक्षकांसाठी लिहिलेल्या मार्गदर्शिकेतही बैठक व कामाचे गट बदलण्यावर भर आहे. ‘कोण नको?’ या प्रश्नाविषयी मतभेद आहेत. तो वगळल्यास नाकारलेले मूल आणि दुर्लक्षित मूल यांत फरक करता येत नाही. १९८२ मध्ये कोई, डॉज व कोपोटेली या मानसशास्त्रज्ञांनी केलेले मुलांच्या गटातील स्थानाचे वर्गीकरण ‘कोण हवे?’ व ‘कोण नको?’ या दोन्ही प्रश्नांवर उभे आहे. तरीही शाळेच्या रोजच्या कामात ‘कोण नको?’ हा प्रश्न टाळणेच योग्य. पूर्ण झालेला आलेख शिक्षकापाशीच राहावा. तो भिंतीवर लावू नये.

महाराष्ट्रात शिक्षक-प्रशिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांत ‘समाजमिती तंत्र’ या शीर्षकाखाली समाजालेखाचा परिचय असतो.